पेटीच्या तळाशी राहिलेली नाणी
(बारामती-इंदापूर परिसरातील वडिलार्जित नाणेसंग्रहांची पारख)

बारामती, इंदापूर, सुपे, निमगाव केतकी या भागातील जुन्या व्यापारी घरांत एक लहानशी पेटी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली असे. कोणाकडे ती शिसवी लाकडाची, कोणाकडे पितळी पट्ट्या ठोकलेली, तर कोणाकडे साध्या पत्र्याची. रोजच्या गल्ल्याशी तिचा संबंध नसे. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी ती उघडावी, आतील चांदीचे रुपये दुधापाण्याने धुऊन त्यांना कुंकू लावावे आणि पाडव्यानंतर पुन्हा कुलूप घालावे, असा शिरस्ता होता. या पूजेच्या रुपयांखाली, एखाद्या खारकेच्या पिशवीत किंवा मळकट फडक्यात बांधलेले, काही वेगळेच तुकडे कधी कधी निघत. दुमडलेल्या तारेसारखी चांदी, मध्ये चौकोनी भोक असलेले पिवळट नाणे, मोराची आकृती असलेला रुपया, बोटाच्या पेराएवढा चांदीचा गोळा. ते कोठून आले हे आजोबांना ठाऊक असे, वडिलांनी ते ऐकलेले असे, आणि नातवापर्यंत येता येता 'जुने काहीतरी' एवढीच माहिती शिल्लक राही.

दुकान बंद होते, वाड्याच्या जागी इमारत उभी राहते, भावाभावांत वाटण्या होतात, तेव्हा ही पेटी तराजूसाठी उघडली जाते. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून तर हा प्रसंग अधिकच लवकर येऊ लागला आहे. सराफाच्या काट्यावर सर्व चांदी सारखीच. राणीछाप रुपया निदान ओळखला जातो आणि वेगळा काढला जातो; पण ज्याला नाण्याचे रूपच नाही असा तारेचा तुकडा सरळ मोडीत जातो. मुशीत गेलेली वस्तू परत येत नाही, आणि तिच्याबरोबर घराण्याच्या व्यवहाराचा एक पुरावाही जातो. म्हणूनच पेटीतील वस्तू ओळखण्याचे काम वाटणीच्या आधीचे आहे.

ही विद्या जैन समाजाला परकी नाही. व्यापारी ज्ञातींतील 'पारख' आणि 'पारेख' ही आडनावेच नाण्यांची व रत्नांची परीक्षा करणाऱ्यांच्या व्यवसायाची आठवण देतात. परंतु या विद्येचा सर्वांत थोर वारसा आडनावात नाही, तो एका ग्रंथात आहे. श्रीमाळ ज्ञातीतील ठक्कुर फेरू हा श्रावक अल्लाउद्दीन खिलजी व त्याचा पुत्र कुतुबुद्दीन मुबारकशाह यांच्या काळात दिल्ली दरबारच्या सेवेत होता. दिल्लीच्या टांकसाळीतील स्वानुभवावरून त्याने विक्रम संवत १३७५, म्हणजे इसवी सन १३१८ मध्ये 'द्रव्यपरीक्षा' हा प्राकृत ग्रंथ रचला. निरनिराळ्या राजवटींची नाणी, त्यांची नावे, शंभर नाण्यांत शुद्ध धातू किती, वजन किती आणि बाजारात त्यांचा भाव काय, याची त्यात पद्यबद्ध नोंद आहे. मध्ययुगीन भारतात नाणेपरीक्षेवर इतका व्यवहारी ग्रंथ दुसरा झाला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यातील जैन ग्रंथसंग्रहात त्याची हस्तलिखित प्रत बिकानेरचे अगरचंद नाहटा व भंवरलाल नाहटा यांच्या नजरेस आली, आणि १९६१ मध्ये जोधपूरच्या राजस्थान प्राच्यविद्या प्रतिष्ठानाने फेरूच्या अन्य ग्रंथांसह ती प्रसिद्ध केली.

या ग्रंथात महाराष्ट्राचाही भाग आहे. देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या नाण्यांची त्यात दखल घेतलेली आहे. अल्लाउद्दीनाने १२९६ मध्ये देवगिरी लुटली आणि दक्षिणेचे सोने उत्तरेकडे गेले. त्या सोन्याची एका अर्थी टाचणीच एका जैन श्रावकाने करून ठेवली, असे म्हणता येईल. आणखी एक गोष्ट मनात भरते. फेरूने हा ग्रंथ आपल्या भावासाठी व मुलासाठी लिहिला. घरातील पुढच्या माणसाला नाणे ओळखता यावे, ही त्यामागची साधी निकड होती. आज पेटी उघडणाऱ्या घराची निकडही तीच आहे.

फेरूपुढे अनेक राजवटींची नाणी होती. बारामती-इंदापूरच्या जुन्या व्यापाऱ्याची अडचणही त्याहून फार निराळी नव्हती. इंदापूर व सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. मालोजीराजांची गढी इंदापुरात होती आणि तेथेच लढाईत त्यांचा अंत झाला, अशी परंपरा आहे. निजामशाही, आदिलशाही, मोगल, मराठे आणि शेवटी कंपनी सरकार अशा सत्ता या भागावरून गेल्या. सत्ता बदलली की नाणे बदले. पण जुने नाणे बाजारातून जात नसे, त्याला फक्त बट्टा लागत असे. 'नावाला बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आजही सर्रास वापरला जातो. मुळात बट्टा म्हणजे कमी कसाचे, झिजलेले किंवा परमुलुखाचे नाणे बदलून देताना सराफ कापून घेई ती रक्कम. नाण्याचे दूषण माणसाच्या अब्रूला चिकटले, यावरून सराफीचा व्यवहार या मुलखात किती खोल मुरला होता हे कळते.

अठराव्या शतकात बारामती ही सावकारीची मोठी जागा होती. बाबूजी नाईक जोशी यांच्या पेढीचे पहिल्या बाजीरावाकडे मोठे येणे होते, आणि त्यांचे बंधू आबाजी नाईक हे पेशव्यांचे मेहुणे. कवी मोरोपंत याच नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावले आणि १७९४ मध्ये तेथेच निवर्तले. अशा पेठेत एकाच दिवशी किती प्रकारचे रुपये हाताळावे लागत असतील! पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही, मिरजेचा रुपया. प्रत्येकाचा कस निराळा आणि भावही निराळा. या रुपयांविषयी एक चूक आजही वारंवार होते. त्यांवरील मजकूर फारसी असतो आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे असते. त्यामुळे 'मोगल नाणे' म्हणून ते बाजूला ठेवले जाते. वास्तविक नाव बादशहाचे आणि टांकसाळ मराठ्यांची, अशी त्या काळची रीत होती. अंकुशी रुपयावर हत्तीच्या अंकुशाची लहानशी खूण दिसते. ती सापडली की नाणे दिल्लीचे नसून पुण्याकडचे आहे हे ठरते. तेव्हा नावापेक्षा खूण आधी पाहावी.

तांब्याच्या शिवराईची गोष्ट सोपी. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी नागरी अक्षरे असल्याने ती सर्वांना वाचता येते. मात्र शिवराई म्हणजे शिवछत्रपतींच्याच हयातीतली, असे मानण्याचे कारण नाही. पुढील छत्रपती आणि पेशवे यांच्या काळातही याच धर्तीची नाणी पाडली गेली आणि इंग्रजी अमलातही ती बराच काळ चालत राहिली. शिवरायांच्या सोन्याच्या होनाविषयी तर अधिकच सावध असावे. अस्सल होन अत्यंत दुर्मिळ आहेत आणि नकली उदंड.

आता त्या दुमडलेल्या तारेकडे वळावे. पेटीच्या तळाशी निघू शकणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत दुर्लक्षित आणि इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वस्तू बहुधा हीच. तिचे नाव लारी. इराणच्या दक्षिणेकडील लार या शहरावरून हे नाव पडले. चांदीची तार ओढून तिचा ठरावीक वजनाचा तुकडा कापायचा, तो मध्यावर दुमडून दोन्ही पदर शेजारी शेजारी आणायचे आणि वर छापाचा ठसा मारायचा. इतकी साधी कृती. वजन सुमारे पावणेपाच ग्रॅम. दिसायला ती बायकांच्या केसांतील आकड्यासारखी. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इराणचे आखात, होर्मुझ, कोकण किनारा, मालदीव आणि सिंहलद्वीप या साऱ्या टापूत तिच्यावर व्यापार चाले. सिंहलद्वीपात तिला गळाचा बाक देत, म्हणून युरोपीय लोक तिला गळाचे नाणे म्हणत. मालदीवच्या आजच्या चलनात रुफियाचा शंभरावा भाग 'लारी' याच नावाने ओळखला जातो.

महाराष्ट्राशी लारीचा संबंध विजापूरच्या आदिलशाहीमुळे आला. दाभोळ हे आदिलशाहीचे मोठे बंदर. मक्केचे यात्रेकरू, अरबी घोडे, कापड व मिरी यांची तेथे जा-ये असे. आखातातले व्यापारी ज्या नाण्याला ओळखत तेच नाणे आपल्याकडे पाडावे, या विचाराने दुसऱ्या अली आदिलशाहाच्या काळी (१६५६ ते १६७२) विजापूर राज्यात लारी पाडल्या गेल्या. एका बाजूस सुलतान अली आदिलशाह हे नाव, तर दुसऱ्या बाजूस 'लारी' हा शब्द असलेला मजकूर आणि हिजरी सन. कोकणातील जुन्या कागदपत्रांत महसुलाचे आकडेही लारीत लिहिलेले आढळतात. बंदरातून माल घाट चढून देशावर येई, त्याबरोबर नाणेही येई. देशावरच्या व्यापाऱ्याला ते चांदी म्हणून हवेच असे.

लारीची खरी मौज तिच्या मजकुरात आहे. ठसा रुंद आणि तार अरुंद, त्यामुळे एका लारीवर मजकुराची एखादीच पट्टी उमटते. एकीवर नावाचा आरंभ, दुसरीवर शेवट, तिसरीवर सनाचे दोन आकडे. एकटी लारी हातात घेऊन काहीच वाचता येत नाही. अनेक लारी शेजारी शेजारी मांडल्या आणि एकीची अक्षरे दुसरीशी जुळवली, तरच संपूर्ण वाक्य सिद्ध होते. जी. पी. टेलर या अहमदाबादच्या अभ्यासकाने १९१० मध्ये विजापुरी लारीवर लेख लिहिला, आणि या जातीच्या नाण्याचे वाचन सर्वत्र याच पद्धतीने झालेले आहे. आता कल्पना करावी, की एका पेटीत सात लारी आहेत आणि तीन भाऊ आहेत. दोन, दोन आणि तीन अशी वाटणी झाली तर वजनाने ती चोख होईल. पण जे वाक्य सात तुकड्यांत मिळून होते ते मात्र त्या दिवशी कायमचे तुटेल. संग्रह एकत्र राहावा असे जाणकार सांगतात त्यामागे भावनेपेक्षा हे कारण अधिक आहे.

पेटीतील नाण्यांना आणखी एका कारणाने महत्त्व येते. ते कारण कटू आहे, तरी टाळण्याजोगे नाही. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी मारवाडी व गुजर सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चाल केली. तेथून हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून तो इतिहासात नोंदला गेला आहे. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खतपत्रे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी झाली. कापसाचे भाव कोसळलेले, सरकारी सारा वाढलेला आणि व्याजाचा बोजा असह्य झालेला, अशा स्थितीत शेतकऱ्याच्या संतापाला आधार होता. सरकारने नेमलेल्या आयोगानेही ते मान्य केले आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. व्यापारी घराण्यांच्या वंशजांनी हा इतिहास दोन्ही बाजूंनी वाचावयास हवा. त्या होळीत जे गेले त्यात अन्याय्य खतांबरोबर सरळ व्यवहाराच्या वह्याही होत्या. मग या घराण्यांचा पूर्वीचा व्यापार कोठवर पोहोचला होता, कोणत्या पेठेशी देवघेव होती, हे कशावरून कळावे? जेथे वह्या नाहीत तेथे पेटीतील नाणे हाच साक्षीदार उरतो. वहीपेक्षा ते कमी बोलते. पण जळत नाही.

१८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला, बारामतीची गुळाची पेठ नावारूपास आली, आणि गुजरात, कच्छ, मारवाड येथून आलेली आणखी घरे येथे स्थिरावली. त्यांनी आपापल्या मुलखाचे नाणे बरोबर आणले. कच्छची कोरी हे त्यातले ठळक उदाहरण. चांदीची कोरी आकाराने लहान, वजन सुमारे ४.७ ग्रॅम, म्हणजे लारीच्या अगदी जवळ. तिच्या मोठ्या भावंडांत अडीच कोरी व पाच कोरीचे नाणे येते. कच्छच्या नाण्यावर इंग्लंडच्या राजाचे नाव फारसीत आणि महारावांचे नाव नागरीत असे. यात एक गंमत आहे. १९३६ मध्ये अवघे काही महिने गादीवर असलेल्या आठव्या एडवर्डच्या नावाने जगात फारच थोड्या ठिकाणी नाणी निघाली. कच्छ हे त्यांपैकी एक. संस्थान विलीन होण्याच्या सुमारास, विक्रम संवत २००४ मध्ये निघालेल्या नाण्यांवर 'जय हिंद' ही अक्षरे आहेत. अशी एखादी कोरी पेटीत असेल तर घराण्याच्या स्थलांतराचा काळ ठरविण्यास ती उपयोगी पडते.

दुसरे परमुलुखाचे नाणे जवळचेच. इंदापूरहून भीमा ओलांडून करमाळ्यास जावे आणि पुढे परांड्याच्या बाजूस वळावे, की निजामाचे राज्य सुरू होई. तेथे हाली शिक्का चाले. विसाव्या शतकातील हाली रुपयावर चारमिनारचे चित्र असते आणि मधल्या कमानीत एक फारसी अक्षर. महबूब अलीच्या नाण्यावर मीम, उस्मान अलीच्या नाण्यावर ऐन. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार असा हिशेब असे. वजनातही फरक पडतो. कलदार ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, तर हाली रुपया ११.१८ ग्रॅम. जुन्या पिढीतील व्यापाऱ्याला हा अर्ध्या ग्रॅमचा फरक तळहातावर कळे, असे सांगतात.

मोराचा रुपया ब्रह्मदेशचा. राजा मिंडोन याने बर्मिंगहॅमहून यंत्रे आणवून १८६५ मध्ये मंडालेस टांकसाळ घातली. नाण्यावर पिसारा फुललेला मोर आणि वजन कंपनी रुपयाइतकेच. त्यावरील ब्रह्मी सन १२१४ हा राज्यारोहणाच्या काळाचा असल्याने नाणे पुढे पाडलेले असले तरी सन तोच राहतो. म्हणून त्यावरून वर्ष ठरवू नये. रंगूनशी गुजराती व मारवाडी व्यापाऱ्यांचा संबंध जुना होता. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसविणारे शेठ वालचंद हिराचंद हे सोलापूरच्या जैन घराण्यातले. १९१९ मध्ये ज्या सिंदिया जहाज कंपनीच्या उभारणीत त्यांनी पुढाकार घेतला, तिची जहाजेही ब्रह्मदेशच्या किनाऱ्यावर जात. १९४२ मध्ये जपानी फौजा रंगूनमध्ये आल्या तेव्हा लाखो भारतीय परत फिरले. जपान्यांनी ब्रह्मदेशासाठी छापलेल्या रुपयांच्या नोटाही काही घरांत आढळतात. त्या एकेकाळी चलन होत्या, युद्ध संपताच कागद झाल्या.

चौकोनी भोकाचे नाणे चीनचे. मुंबईहून कापूस व अफू कँटनला जात असे, तो या नाण्यांचा जुना मार्ग. चिनी नाणे ठशाने पाडलेले नसून साच्यात ओतलेले असते, म्हणून त्याची कड कानसलेली आणि पृष्ठभाग किंचित खरबरीत लागतो. चार अक्षरे वर, खाली, उजवीकडे, डावीकडे अशा क्रमाने वाचतात. मांचू राजवटीच्या नाण्याच्या मागील बाजूस मांचू लिपी असते. मात्र येथे एक धोक्याची सूचना हवी. फेंगशुईची लाट आल्यापासून लाल फितीत ओवलेली तीन 'चिनी नाणी' घरोघरी आली. ती आजची नक्कल आहे. जाडी एकसारखी, पिवळा रंग उजळ, अक्षरांच्या कडा बोथट. आजोबांच्या फडक्यात ती सून किंवा नातवाने ठेवलेली असू शकतात. घरात विचारून पाहिले की उलगडा होतो.

चांदीचा गोळा मात्र क्वचितच दिसेल. सयामात, म्हणजे आजच्या थायलंडात, चांदीची कांडी दोन्ही टोकांकडून आत वळवून गोळीसारखे नाणे करीत. एका बाहतच्या गोळ्याचे वजन सुमारे पंधरा ग्रॅम. त्यावर चक्राची व राजाची अशा दोन लहान मुद्रा असतात. १८६० पासून तेथे यंत्राची चपटी नाणी निघू लागली आणि हे गोळे मागे पडले. गोळ्यावर मुद्रा नसेल तर तो नाणे नसून सोनाराने ओतलेली चांदी असण्याचाच संभव अधिक.

जी नाणी नव्हेतच, पण नाण्यासारखी दिसतात, त्यांनी संग्राहकांना अधिक फसविले आहे. रामदरबाराचे चित्र असलेली 'रामटंका' हा देवस्थानी मिळणारा पूजेचा बिल्ला. रामाच्या काळचे नाणे नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १६१६, १७१७ किंवा १८१८ असा सन आणि हनुमान, कमळ वा ॐ यांचे चित्र असलेली तांब्याची नाणी लाखोंच्या किमतीची म्हणून सांगितली जातात. कंपनीने असे नाणे कधीही काढलेले नाही. या नाण्यांच्या नावाने वर्षानुवर्षे भोळ्या लोकांची लूट झाली आहे. कवडीचेही तसेच. मालदीवची छोटी पिवळसर कवडी हे खरोखरच चलन होते आणि 'कवडीमोल' हा शब्द तेथूनच आला. परंतु या भागातील घरात कवडी निघाली तर ती तुळजाभवानीच्या माळेतली किंवा सारीपाटातली असण्याचीच शक्यता जास्त. तपाचे पारणे, प्रतिष्ठा अशा प्रसंगी वाटलेली नवकार मंत्राची किंवा तीर्थंकरांच्या प्रतिमेची चांदीची नाणीही प्रभावनेची असतात, चलनाची नव्हेत. याउलट भगवान महावीरांच्या २६०० व्या जन्मकल्याणकानिमित्त २००१ मध्ये भारत सरकारने काढलेले पाच रुपयांचे नाणे हे चलनच आहे. दोहोंच्या पिशव्या निराळ्या असाव्यात.

स्त्रियांच्या दागिन्यांतील पुतळ्यांची माळ या प्रकारात थोडी वेगळी पडते. पुतळी हे मूळचे व्हेनिसचे सोन्याचे नाणे, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास. त्यावर संत मार्क आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख अशा दोन आकृती आहेत. दक्षिणेत लोकांनी त्यांत राम-सीता पाहिले आणि नाणे गळ्यात आले. १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले. सोनार मात्र पुतळ्या करीत राहिले. त्यामुळे बहुतेक माळांतील पुतळ्या देशी घडणीच्या असतात. लॅटिन अक्षरे वाचता येण्याजोगी असतील तर मूळ नाण्याची शक्यता. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा असतील तर देशी. माळ तोडून नाणी सुटी करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण कड्या लावलेल्या नाण्यास संग्राहक फारशी किंमत देत नाहीत, आणि अखंड माळेचे मोल घरात अधिक असते.

ओळखण्याची पद्धत एवढ्या चर्चेनंतर फार लांबण लावून सांगण्याची गरज नाही. चिंच, राख, लिंबू, पितळ घासण्याची पूड यांपैकी काहीही नाण्याला लावू नये. काळपटपणा हा वयाचा पुरावा असतो आणि घासल्याने लारीवरील उरलीसुरली अक्षरे प्रथम जातात. दिवाळीच्या पूजेत दरवर्षी धुतल्या गेलेल्या रुपयांची झीज पाहिली म्हणजे हे पटेल. दशांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन करावे. व्यास, जाडी, धातूचा रंग, ओतीव की ठशाचे, कड गुळगुळीत की दातेरी, हे लिहावे. दोन्ही बाजूंचे छायाचित्र तिरप्या उन्हात घ्यावे; त्यात अक्षरे उठून दिसतात. सोन्याचांदीचे नाणे कसोटीवर ओढू नये, त्याचा चरा कायम राहतो.

जाणकारांचा सल्ला मिळणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा (स्थापना १९१०) स्वतःचा नाणेसंग्रह आहे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणेशास्त्राच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था १९८० मध्ये स्थापन झाली. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय २००४ मध्ये सुरू झाले, तेथे अनेक नमुने काचेआड पाहावयास मिळतात. कायद्याची दोन कलमे लक्षात असू द्यावीत. जुना वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत नाण्यांचा ठेवा सापडला, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. पेटीतून वारसाने आलेल्या नाण्यांना हा नियम नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे ते परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांकडे 'आठवण' म्हणून नाणी पाठविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठे काम मात्र घरातच करायचे असते. प्रत्येक नाण्याच्या कागदी पाकिटावर ते कोणाच्या पेटीतले, ते घराणे कोणत्या गावाहून येथे आले, कोणत्या मालाचा व्यापार होता आणि नाणे कशात बांधलेले होते, हे पेन्सिलने लिहावे. ऐंशी-नव्वदीतील एखाद्या आजीला विचारले तर 'हे रंगूनच्या काकांचे' किंवा 'हे कच्छहून आलेल्या सासूबाईंचे' असे एक वाक्य मिळते, आणि तेच एक वाक्य कोणत्याही तज्ज्ञाला नाण्याकडे पाहून सांगता येत नाही. फडके व पिशवी फेकू नये. कधी कधी तिच्यात पेढीचे नाव लिहिलेली चिठ्ठीही निघते. वाटणी करावयाचीच असेल तर कलदार रुपये व दागिने यांची करावी. लारी, कोरी, मोराचे रुपये आणि न ओळखलेले तुकडे एका पिशवीत ठेवून ती पिशवी एका घरी ठेवावी, आणि तिच्या यादीची व छायाचित्रांची एकेक प्रत प्रत्येक भावाकडे व बहिणीकडे द्यावी.